‘दिसला’ म्हणण्याआधी

गेल्या रबीउल अव्वलमध्ये माझ्या पुतणीने तिचं भाषण तपासायला माझ्याकडे दिलं. ती तेव्हा नुकतीच अकरावी सायन्सला गेली होती. आमच्या तालुक्याच्या गावी सीरतनिमित्त दरवर्षी शाळा-कॉलेजच्या मुलांची वक्तृत्व स्पर्धा होते. मी तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, त्यामुळे घरातल्या कुठल्याही पोराने काही लिहिलं की ते आधी माझ्या हातात येतं. विषय होता ‘कुरआन आणि विज्ञान’. पोरीचं मराठी चांगलं आहे, माझ्यापेक्षा चांगलं. दोन पानं मी खुशीत वाचली. तिसऱ्या पानावर अडलो.

तिथे लिहिलं होतं : कुरआनात ‘शिअरा’ या ताऱ्याचा उल्लेख आहे. शिअरा म्हणजे व्याध, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. आधुनिक विज्ञानाने शोधलं की या ताऱ्याला एक अंधुक सोबती आहे आणि दोघे एकमेकांभोवती ४९.९ वर्षांत एक फेरी पुरी करतात. सूरह नज्ममध्ये शिअराचा उल्लेख ४९व्या आयतीत आहे, आणि त्याच सूरहच्या ९व्या आयतीत दोन धनुष्यांचा उल्लेख आहे. ४९ आणि ९, म्हणजे ४९.९. जे विज्ञानाला आत्ता कळलं ते चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.

“हे कुठून घेतलंस?”

“चाचा, हे तर सगळ्यांच्या मोबाईलवर आहे.”

मी म्हणालो, एवढा परिच्छेद काढ. तिने मान डोलावली, पण रात्री जेवताना भाईजाननी विषय काढला. “पोरगी कुरआनबद्दल चांगलंच तर सांगतेय. तू का अडवतोस? तुला नेमकी अडचण कसली आहे?” त्या रात्री मला नीट उत्तर देता आलं नाही. भाईजान मोठे आहेत, त्यांच्यापुढे मी आजही चाचरतो. म्हणून ते उत्तर इथे लिहितोय.

पहिलं उत्तर सोपं, शिक्षकाचं. तो आकडा बरोबर नाही. ४९.९ हा जुना आकडा आहे, काही पुस्तकांत तो सापडतो. हबल दुर्बिणीने अनेक वर्षं घेतलेल्या छायाचित्रांवरून २०१७ साली जे गणित प्रसिद्ध झालं, त्यात ही फेरी सुमारे ५०.१३ वर्षांची निघाली. आता काय करायचं? पन्नासावी आयत आणि तेरावी आयत शोधायची? शिवाय आयतींचे क्रमांक हा काही वहीचा भाग नव्हे. कुठे आयत संपली मानायची याच्या कूफा, बसरा, मदिना इथल्या परंपरा थोड्या वेगळ्या आहेत, हे मदरशातल्या कुठल्याही जाणत्या विद्यार्थ्याला माहीत असतं. आणि ते दोन धनुष्यांचं अंतर तर वहीच्या प्रसंगाचं आहे, बहुतेक तफ्सीरकारांच्या मते हजरत जिब्रील किती जवळ आले त्याचं. त्याला उचलून दशांश चिन्हाच्या पुढे नेऊन बसवायचं, ही कुरआनची इज्जत झाली का?

शिअराच्या आयतीत जे आहे ते मला त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी मोठं वाटतं. तफ्सीरकार सांगतात की खुजाआ कबिल्यातले लोक या ताऱ्याची पूजा करत. त्यांना सांगितलं गेलं की तुम्ही ज्याला पूजता त्याचाही एक रब आहे. एका वाक्यात एक आख्खं दैवत खाली उतरवलं. त्यात फेरीचा काळ नाही, आणि नसल्यामुळे आयतीचं काही कमी होत नाही.

पण हे उत्तर पुरेसं नाही. आकडा चुकला म्हणून परिच्छेद काढायचा, तर उद्या बरोबर आकड्याचा फॉरवर्ड येईल. माझी अडचण त्याच्या खालची आहे. तो अंधुक सोबती दिसला कसा, कुणी किती वर्षं त्याच्यासाठी काढली, हे त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. ‘विज्ञानाने शोधलं’ एवढे दोन शब्द, आणि पुढे सगळं आपलं.

फ्रीड्रिख बेसेल नावाचा जर्मन खगोलशास्त्रज्ञ क्योनिग्सबर्गला ताऱ्यांच्या जागा अतिशय काटेकोर मोजत असे. त्याच्या लक्षात आलं की व्याध आकाशात सरळ रेषेत सरकत नाही, किंचित नागमोडी चालतो. बाजारात एखादा माणूस झोके खात चालला असेल, तर गर्दीत न दिसणारं कुणीतरी त्याचा हात धरून ओढतंय असं आपण समजतो, तसं. १८४४ साली त्याने जाहीर केलं की व्याधाला न दिसणारा सोबती असला पाहिजे. १८४६ साली बेसेल वारला. सोबती त्याने पाहिला नाही.

तो दिसला ३१ जानेवारी १८६२च्या रात्री, अमेरिकेत बॉस्टनजवळ, आणि तोही शोधायला न गेलेल्या माणसाला. आल्व्हन ग्रॅहम क्लार्क हा भिंगं घासणाऱ्या बापाचा मुलगा. मिसिसिपीच्या विद्यापीठासाठी बनवलेलं साडेअठरा इंची भिंग तो व्याधावर तपासत होता. व्याधाच्या झगमगाटाला चिकटून एक बारीक ठिपका दिसला. आधी भिंगातच दोष आहे असं वाटणं साहजिक होतं. दोष नव्हता. (अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. ते भिंग दक्षिणेकडे गेलंच नाही, शिकागोला गेलं.) हा सोबती व्याधापेक्षा सुमारे दहा हजार पट अंधुक आहे. आकाराने पृथ्वीएवढा आणि वजनाने सूर्याएवढा, म्हणजे श्वेतबटू. बेसेलच्या गणितानंतर अठरा वर्षांनी तो डोळ्यांना दिसला.

गणिताने असला पाहिजे, पण डोळ्यांनी दिसला का? हा प्रश्न आपल्याइतका कुणाच्या ओळखीचा असेल? दरवर्षी २९व्या रमजानला मगरिबनंतर आपण मशिदीच्या गच्चीवर उभे असतो ना? पंचांग सांगतं, कॅलेंडर सांगतं, आता तर ॲपही सांगतं, तरी आपण रुयत मागतो. चांदाची कोर असते, पण सूर्याच्या इतकी जवळ आणि इतकी फिकट की संधिप्रकाशात हरवते. तेजस्वी गोष्टीच्या शेजारची अंधुक गोष्ट पाहणं अवघड असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि गच्चीवर दरवर्षी एकजण तरी ‘वो देखो, वो देखो’ म्हणून ओरडतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. एका वर्षी तर मोबाईल टॉवरचा दिवा निघाला. म्हणून तर आपल्याकडे नियम आहेत. ग्वाही देणारा कोण, भरवशाचा आहे का, कुठल्या दिशेला पाहिलं, कोर कुठल्या बाजूला वळलेली होती. आणि ईदच्या चांदाला एकाच्या सांगण्यावर भागत नाही, दोन साक्षीदार लागतात.

सन २०१३च्या रमजानच्या सुरुवातीला एक छायाचित्र निघालं होतं, त्याची इथे आठवण होते. तियेरी लेगो या फ्रेंच छायाचित्रकाराने ८ जुलैला ऐन अमावास्येच्या क्षणी, भर दिवसा, सूर्यापासून साडेचार अंशांहूनही जवळ असलेली कोर टिपली. दुर्बिणीपुढे भोक पाडलेला पडदा लावून सूर्याचं ऊन आत येऊ दिलं नाही, आणि कॅमेरा अवरक्त प्रकाशाचा वापरला. अशी कोर कुठल्याही डोळ्याला दिसणार नाही. मग ती रुयत धरायची का, यावर उलेमांनी वाद घालावा, मी घालणार नाही. मला त्यातला पडदा महत्त्वाचा वाटतो. अंधुक गोष्ट पाहायची तर आधी तेजस्वी गोष्टीला झाकावं लागतं.

आता आपल्या ओळखीच्या दुसऱ्या एका जोडीकडे येतो. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला खेटून असलेली बारीक अरुंधती. हिंदू लग्नात नवरानवरीला ती दाखवतात. माझ्या एका सहकाऱ्याच्या लग्नात, मंगल कार्यालयात, भटजींनी छताकडे बोट केलं आणि विचारलं, “दिसली का?” वर पंखा होता. नवरा म्हणाला, “दिसली.” आम्ही शिक्षक मंडळी मागे हसत होतो. पण हसताना मला आमची गच्चीही आठवत होती.

या अरुंधतीला अरब ‘सुहा’ म्हणत. म्हणजे दुर्लक्षित राहिलेला, विसरलेला. नजर तपासायला सुहा दाखवत. अरबीत एक म्हणही आहे, मी दाखवतोय सुहा आणि समोरचा दाखवतोय चांद, अशा अर्थाची. बारीक मुद्दा सांगायला जावं आणि समोरच्याने ढोबळ गोष्ट पुढे करावी, तेव्हा वापरायची. त्या रात्री जेवणाच्या ताटावर माझं आणि भाईजानचं नेमकं हेच झालं होतं.

हजार-दीड हजार वर्षं माणसांनी नजर तपासायला वापरलेल्या या सुहाला स्वतःचा एक सोबती आहे, हे कळलं २००९ साली. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेची पाच मीटरची हेल दुर्बीण, ती १९४०च्या दशकातली, म्हणजे माझ्यापेक्षा म्हातारी. तिच्यावर एक उपकरण बसवलेलं होतं. त्यात दोन गोष्टी होत्या. एक आरसा, जो हवेच्या थरथरीनुसार दर क्षणी स्वतःचा आकार बदलतो, म्हणजे लुकलुकणारा तारा स्थिर होतो. आणि एक लहानसा पडदा, जो नेमका ताऱ्यावर येतो आणि त्याचा उजेड अडवतो. लेगोच्या पडद्याचाच भाऊ. मार्च २००९ मध्ये त्या झाकलेल्या सुहाशेजारी एक ठिपका दिसला.

इथून पुढचं मला वर्गात शिकवायला फार आवडलं असतं. त्यांनी लगेच ‘सोबती सापडला’ असं म्हटलं नाही. कारण तो ठिपका खूप मागे असलेला, नुसता त्याच दिशेला दिसणारा कुठलाही तारा असू शकतो. लांबच्या डोंगरावरचा दिवा आपल्या दारातल्या पणतीशेजारी दिसावा, तसा. ते १०३ दिवस थांबले. तेवढ्यात पृथ्वी सूर्याभोवती बरीच पुढे सरकली. आपण चालत गेलो की दारातली पणती डोंगरावरच्या दिव्याच्या मानाने सरकलेली दिसते. ठिपका मागचा असता तर सुहा सरकला असता आणि ठिपका जागेवर राहिला असता. पुन्हा पाहिलं तर दोघे बरोबर सरकले होते. तेव्हा त्यांनी सांगितलं, हा सोबती आहे. सूर्याच्या पाव वजनाचा, लालसर, मंद तारा. त्याच सुमारास ॲरिझोनातल्या दुसऱ्या दुर्बिणीवरून, दुसऱ्या गटाने, वेगळ्या पद्धतीने तोच सोबती स्वतंत्रपणे शोधला होता. दोन साक्षीदार झाले.

सगळ्याच ग्वाह्या टिकत नाहीत. फम अल-हूत, म्हणजे माशाचं तोंड, या ताऱ्याजवळ २००८ साली हबलच्या छायाचित्रांत एक ठिपका दिसला आणि तो ग्रह म्हणून जगभर गाजला. त्याला नावही दिलं गेलं. पुढच्या छायाचित्रांत तो फिकट होत होत नाहीसा झाला. २०२० साली दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की तो दोन खडकांच्या टकरीतून उडालेल्या धुळीचा पसरत जाणारा ढग असावा. त्याच छायाचित्रांतून हे उलटं अनुमान निघालं. छायाचित्रं जपलेली होती आणि सगळ्यांना खुली होती, म्हणून निघालं.

आणि आता काक्षी. मृगाच्या खांद्यावरचा तांबूस तारा. अरबीत ‘यद अल-जौजा’, जौजाचा हात. लॅटिनमध्ये उतरवताना कुणीतरी ‘ये’चे खालचे दोन नुक्ते एकच धरले, ‘ये’चा ‘बे’ झाला, आणि युरोपात ते नाव ‘बेटेलज्यूस’ झालं. मदरशात एका नुक्त्यासाठी ज्यांनी छडी खाल्ली आहे त्यांना या चुकीची गंमत अधिक कळेल.

काक्षीचं तेज सुमारे सहा वर्षांच्या एका संथ लयीत कमी-जास्त होतं. २०२४ साली दोन वेगळ्या गटांनी गणित मांडलं की ही लय एखाद्या सोबत्यामुळे असावी, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो काक्षीपासून सर्वांत दूर दिसेल. ‘दूर’ म्हणजे किती? पौर्णिमेच्या चांदाच्या रुंदीचे पस्तीस हजार तुकडे करा, त्यातला एक. हबलने आणि क्ष-किरणांच्या चंद्रा दुर्बिणीने पाहिलं, त्यांना काही सापडलं नाही. मग नासाच्या स्टीव्ह हॉवेल यांच्या गटाने हवाईच्या मौना केआ डोंगरावरच्या ८.१ मीटरच्या जेमिनी दुर्बिणीतून पाहिलं. इथे पद्धत वेगळी. हवेमुळे ताऱ्याचं चित्र शेकडो नाचऱ्या ठिपक्यांत फुटतं. लांब वेळ फोटो घेतला तर सगळे मिसळून गिलावा होतो. पण सेकंदाच्या काही शतांश भागात फोटो घेतला तर ते ठिपके जागच्या जागी थिजतात. असे हजारो फोटो घ्यायचे आणि गणिताने त्यांतून खरं चित्र उलगडायचं. आंत्वान लाबेरी या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९७० साली ही युक्ती काढली. हवा जे बिघडवते, त्या बिघाडाच्याच नोंदी ठेवून हवेला हरवायचं.

काक्षीच्या अगदी काठाशी, त्याच्यापेक्षा सुमारे अडीचशे पट अंधुक एक निळसर ठिपका निघाला. ज्या बाजूला आणि जितक्या अंतरावर गणिताने सांगितला होता तिथेच. २०२०च्या छायाचित्रांत तो नव्हता, आणि गणिताप्रमाणे तेव्हा तो दिसायलाही नको होता. जुलै २०२५ मध्ये हे जाहीर झालं. त्यांनी त्याला ‘सिवारहा’ हे अरबी नाव सुचवलं, म्हणजे ‘तिचं कंगण’. जौजाच्या हातातलं कंगण.

वर्तमानपत्रांनी ‘सापडला’ असे मथळे दिले. पण त्या शास्त्रज्ञांच्या निबंधाच्या मथळ्यातला पहिलाच शब्द आहे ‘संभाव्य’. आणि आत त्यांनी स्वतःच लिहिलंय की या दर्शनाची खात्री जेमतेम दीड सिग्मा आहे. सिग्मा म्हणजे योगायोगापासून किती लांब, याचं माप. भौतिकशास्त्रात ठाम शोध म्हणायला पाच मागतात. पुढे तो सोबती नोव्हेंबर २०२७ मध्ये पुन्हा दूर सरकेल, तेव्हा कुणीही पाहून तपासावं, हेही त्यांनी सांगून ठेवलंय.

आयुष्यात एकदाच मिळावी अशी बातमी हातात असताना हा माणूस आधी ‘संभाव्य’ लिहितो. आमच्या फॉरवर्डमध्ये हा शब्द मी आजवर पाहिलेला नाही. आणि आमच्याच कशाला, पुष्पक विमानवाल्यांचेही फॉरवर्ड मला येतात, त्यांच्यातही नाही. हदीस सांगणाऱ्यांची साखळी तपासणारे, एकेका रावीची स्मरणशक्ती आणि सचोटी पारखणारे, ‘जईफ’ म्हणजे कमकुवत असा शिक्का बेधडक मारणारे लोक आपल्याकडे होऊन गेले. पैगंबरसाहेबांच्या नावाने आलेल्या वाक्यालासुद्धा ज्यांनी तपासल्याशिवाय आत घेतलं नाही, त्यांचे वारस आपण, आणि मोबाईलवर आलेला दशांश विनाचौकशी मिंबरावर नेतो. अब्दुर्रहमान सूफींनी दहाव्या शतकात इस्फहानला ताऱ्यांचा ग्रंथ लिहिताना देवयानीतला अंधुक डाग ‘लहान ढग’ एवढंच म्हणून नोंदवला. दिसलं तेवढं लिहिलं. आज त्याला आपण आकाशगंगेची शेजारीण म्हणतो. (हे नाव घेतलं की लगेच सुवर्णकाळाचं भाषण सुरू होतं, म्हणून इथेच थांबतो.)

माझ्या पुतणीने दहावीनंतर सायन्स घेतलंय. उद्या ती कुठल्या तरी प्रयोगशाळेत उभी राहील आणि तिला शिकवतील की जितकं दिसलं तितकंच लिही. त्या दिवशी तिला घरचं शिक्षण आठवावं. आणि तिच्या मनात अशी गाठ बसू नये की ४९.९चा ५०.१३ झाला म्हणजे ईमानही तितकंच सरकलं. भाईजान, माझी अडचण ही आहे.

तिने तो परिच्छेद काढला. त्याजागी सुहाबद्दल लिहिलं, १०३ दिवसांबद्दलही. बक्षीस मिळालं नाही. पहिलं बक्षीस ज्या मुलाला मिळालं त्याच्या भाषणात ४९.९ होतं आणि टाळ्याही तिथेच पडल्या. भाईजान दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले, मग नेहमीसारखे बोलायला लागले. फॉरवर्ड अजून येतो, गेल्या आठवड्यातच त्यांनीच मला पाठवला. बहुधा चुकून.

यंदा मे महिन्यात, इशानंतर लाईट गेलेली असताना, आम्ही दोघं गच्चीवर गेलो. सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आले होते. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, मला वसिष्ठाशेजारी काही दिसेना. ती बराच वेळ मान वर करून पाहत होती.

“चाचा, दिसला सुहा.”

“कुठल्या बाजूला?”

“उजवीकडे. किंचित खाली.”

मी तिला वहीवर काढून दाखवायला सांगितलं. खाली येऊन, मेणबत्तीजवळ, पुस्तकातल्या नकाशाशी ताडून पाहिलं. जागा बरोबर होती.